नियमाला एक शेंगदाणा

नांदेडहून नात मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला माझ्याकडे राहायला आली, ती पुस्तकांसोबत एक चपटा वजनकाटा घेऊन. भाकरी त्यावर ठेवायची, जास्त भरली की कड मोडून परत टोपल्यात. सहानंतर खाणं बंद, तेल बंद, शेंगदाणे तर विषच. पोर दिसायला निम्मी झाली. बोलले की म्हणायची, "आजी, तुला न्हाई कळायचं."

मला न्हाई कळायचं? मला तर हुरूपच आला. भाजलेल्या शेंगदाण्यांचं ताट घेऊन तिच्यापुढं बसले. "काढ तो काटा. आज माझे नियम मोजू. नियमाला एक दाणा."

सोमवारी निरंकार उपास. गुरुवारी अळणी. दिवेलागणीनंतर पाणीसुद्धा नाही. दुसऱ्याच्या चुलीवरचं तर नाहीच नाही. काट्यावर दाणे पडत गेले तशी नात हसायला लागली.

"मग जेवायचीस कधी गं?"

"जेवत कुठं होते? मिरवत होते." गल्लीत कुणी 'बाई लई कडक' म्हटलं की मी लगेच आणखी एक नियम धरायची. एवढी मी शहाणी.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. किल्लारीकडं काय झालंय ते अजून कळायचं होतं. आमचं घर उभं होतं, पण आत जायची कुणाची छाती होईना. अख्खी गल्ली शाळेच्या मैदानात. वार गुरुवार. शेजारच्या काकूंनी तीन दगडांवर झणझणीत पिठलं केलं. मी तोंड फिरवून बसले, पण नाक कुठं फिरवणार? एक घास घेतला. आता मोडलंच, मग जाऊ दे, म्हणत भाकरीमागून भाकरी, पातेल्याची खरवड, वर विसर्जनाचे उरलेले मोदक. मग पोट धरून लोळले. बायका म्हणाल्या, बाईनं लई धसका घेतला. मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी स्वतःला शिक्षा म्हणून आणखी दोन नियम धरले.

नातीचं हसू थांबलं. "माझंपण तसंच होतं, आजी. मैत्रिणीच्या डब्यातला एक लाडू खाल्ला, मग सगळा डबा संपवला. मग दोन दिवस काहीच नाही."

मी काट्यावरचा एक दाणा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. "हा माझा गुरुवार. खाऊन टाक."

"एक खाल्ला तर ताट संपेल."

"संपू दे की. मी परत भाजते. कढई कुठं पळून चाललीय?"

तिनं तो तोंडात टाकला. किती वेळ चावत होती कोण जाणे. मी जमीन हलायची वाट बघावी तशी बसलेली.

"आजी, थोडं मीठ दे ना."

मी अशी ताडकन उठले की पदर अडकून काटा उलटला, आणि माझे सगळे नियम घरभर घरंगळले.