छपरावर गेलेली मिठाची वाटी

फोडणीत मोहरी तडतडली की पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीतली ती सकाळ आठवते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच वैशाखात घराचं छप्पर शाकारायला अख्खी वाडी आली होती. अशा कामाला मजुरी नसते. घरच्या सुनेनं चहा-पोहे करायचे. मी मोठी परात भरून पोहे केले. माणसं धुळीच्या हातांनी छपरावरच बसून मुकाट खात होती. शेवटी शेजारच्या तात्यांनी वरूनच विचारलं, "सूनबाय, घरात मीठ हाय ना गो?" हशा पिकला. मिठाची वाटी शिडीवरून वर गेली, हातोहात फिरली. तात्यांचा मला फार राग आला होता.

आता वाडीत आमच्याशिवाय सगळ्या घरांना कुलपं आहेत. आज एकटीपुरते पोहे केले, ते खारट झाले. खाता खाता वर छपराकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही.