वडिलांच्या तिथीसाठी तिसगाव

भाद्रपद जवळ आला की आमचे भटजी दर वर्षी विचारतात, "वडिलांची तिथी सापडली का?" जणू मी ती कोनाड्यात ठेवून विसरलो आहे. नाही म्हटलं की ते मान हलवतात आणि सर्वपित्री अमावास्येला आमचं नाव लिहून घेतात. ज्यांचा दिवस ठाऊक नाही अशा सगळ्यांचा तो दिवस. माझे वडील जवळजवळ साठ वर्षं त्या गर्दीत जेवताहेत.

मला आता त्रेसष्टावं चालू आहे. मी गेल्यावर मुलगा काही तिथी शोधायला जाणार नाही. तो शिवणयंत्राचं तेल आणायलाही दोनदा सांगितल्यावर जातो. तेव्हा या श्रावणात ठरवलं की तिसगावला जायचं. आम्ही मूळचे तिथले. मी पाच वर्षांचा असताना दुष्काळ पडला, वडिलांनी आईला आणि मला पुण्याला मामांकडे धाडलं, आणि मागे तिसगावात ते वारले. थोरल्या काकांनी मामांना कार्ड पाठवलं. अशुभ पत्र घरात ठेवत नाहीत, ते दाराबाहेर वाचून फाडलं. वर्षभरात मामाही तापाने गेले. तिथी सांगणारं कोणी उरलं नाही.

आई होती, पण तिला विचारण्यात अर्थ नव्हता. वडील गेले हे तिने कधी मानलंच नाही. शेवटपर्यंत कुंकू लावलं. आळीतल्या बायका तिच्या तोंडावर बोलत. पोस्टमन दिसला की ती विचारी, "दुसरं पत्र आलं का?" पहिलं कुठलं, दुसरं कुठलं, काही सांगत नसे. मी चिडायचो. ती गेली तेव्हा भाऊबंद म्हणाले, विधवेला हिरवं लुगडं नेसवायचं नाही. मीच सांगितलं, साध्या लुगड्यात न्या.

तिसगावला चुलतभाऊ दगडू असतो. त्याला कार्ड टाकलं. उत्तर आलं, 'आबांची सर्व पत्रे जपून ठेविली आहेत. यावे.' आबा म्हणजे थोरले काका. त्यांना कागद टाकवत नसे, हे मी ऐकून होतो.

कोणाला हा प्रवास करायचा असेल तर पहिली गोष्ट, दशम्या घरून न्या. लढाई संपली, पण रेशन संपलेलं नाही आणि खाणावळवाले पाहुण्याला धान्य मागतात. पुण्याहून पहाटेची गाडी धरली. तिसऱ्या वर्गाचं तिकीट दोन रुपयांच्या आसपास पडलं, आणि त्यात बसायला मिळेल असं कुठेही लिहिलेलं नाही. मी दौंडपर्यंत एका पायावर होतो, कारण दुसऱ्या पायाच्या जागी कोंबड्यांची पाटी होती. दौंडला गाडी बदलावी लागते. तिथे बाकावर एका शेतकऱ्याने विचारलं, कुठं, कशाला. मी सांगितलं.

तो म्हणाला, "पर बाबा, मयताचं पत्र कोन ठिवतं व्हय? त्ये तर तिथंच फाडत्यात."

हे मला पुण्यात सुचायला हवं होतं. आमच्याकडचं कार्ड आम्ही फाडलं, मग आबांकडे तरी काय असणार? परतीची गाडी समोर उभी होती. पण दगडूने 'सर्व पत्रे' लिहिलं होतं, आणि माझं तिकीट नगरपर्यंतचं होतं. बसलो.

नगरला दुपारी उतरलो. पाथर्डीकडे जाणारी मोटार माळीवाड्यापाशी मिळते. 'मिळते' म्हणजे उभी असते. भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय हे चालक ठरवतो. ती अजून कोळशाच्या गॅसवर चालते. मागे टाकी बसवली आहे, तिच्यातला विस्तव क्लीनर पंखा फिरवून फुलवतो, आणि धूर मागच्या बाकावर येतो. जमल्यास पुढे बसा. माझ्या पांढऱ्या टोपीचं काय झालं ते सुनेने परतल्यावर सांगितलंच. भाडं सव्वा रुपया. कोणी दीड दिला, कोणी एक. मी का सव्वा दिला, कळलं नाही.

भिंगारच्या छावणीतून मोटार बाहेर पडली, चांदबीबीचा महाल डाव्या डोंगरावर दिसला आणि पुढे नुसता माळ. श्रावण असून हिरवं असं कुसळंच. करंजीच्या घाटात मोटारीने दम सोडला. सगळे उतरा, चालक म्हणाला. आम्ही भाडं देऊन ती मोटार ढकलत घाट उतरायच्या जागेपर्यंत नेली. माझ्या शेजारी ढकलणारा म्हातारा मात्र खुशीत होता. म्हणाला, लढाईच्या आधी तर आमी चालतच यायचो, आता निदान पिशवी तरी मोटारीत असती.

तिसगावला पोचेपर्यंत दिवे लागले होते. दगडूच्या बायकोने शेंगोळे केले होते. हुलग्याचे, लसूण घातलेले. ते मात्र उत्तम होते. ज्यांना नगरकडचे शेंगोळे माहीत नाहीत त्यांनी एवढ्यासाठी तरी जावं. हात धुऊन मी म्हटलं, आता पत्रं काढ.

दगडू म्हणाला, "पत्रं? ती बनूआक्काकडं हायेत. भिंगारला."

बनूआक्का त्याची थोरली बहीण. भिंगारला छावणीच्या बाजारामागे राहते. मी तीन तासांपूर्वी तिच्या दारावरून गेलो होतो.

मी विचारलं, मग मला यावे असं का लिहिलंस? तो शांतपणे म्हणाला, "जपून ठिवलीत असं ल्हिलं. माज्याकडं हायेत असं कुठं ल्हिलं? आन् इतक्या वर्सांनी तू येनार, तर घर बघायला नको?"

त्याची बायको म्हणाली, "मी ती चुलीत घालनार हुते, तवा आक्का घिऊन गेल्या. खरं सांगू का भावजी, त्या कागदाचा इस्तू बी चांगला पडला नसता."

रात्रभर मला झोप नाही. एक म्हणजे डास, आणि दुसरं म्हणजे बनूआक्काने तोवर ती जाळली असतील तर, ही काळजी. ती भिंगारला असेल ना, का आणखी कुठे लेकीकडे गेली असेल? सकाळी दगडूने आमचं जुनं घर दाखवलं. दोन भिंती आणि मधे एरंड. मी पाहिलं आणि मोटार किती वाजता ते विचारलं.

परतीची मोटार घाटात बंद पडली नाही. ती तिसगावातच दोन तास पडून होती.

बनूआक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचे यजमान छावणीत शिपायांचे कपडे शिवत, आता मुलगा शिवतो. तिने मला ओळखलं आणि आधी माझ्या कोटाची शिवण उलटून पाहिली. मग गुळाचा चहा दिला आणि भिंतीवरच्या खुंटीवरून पत्रांची तार काढली.

ज्यांनी अशी तार पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हातभर लांब लोखंडी तार, वर आकडा, खाली लाकडी चकती. आलेलं पत्र वाचलं की तारेत टोचायचं. जुनं तळाशी, नवं वर. आबांची तार अशी भरली होती की जाडजूड मुसळच दिसत होतं. आणि सगळं मोडीत. माझी शाळा दोन यत्ता, तीही बाळबोध. पुन्हा कपाळावर हात.

आक्का म्हणाली, बाजारात लिंबाखाली मुन्शीजी अर्ज लिहितात, ते पूर्वी मामलेदार कचेरीत होते, त्यांच्याकडे चल. मुन्शीजी म्हणजे सत्तरीचे मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्या चष्म्याकडे बघून माझा धीर सुटला. पण त्यांनी तळाचं, सगळ्यांत जुनं कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि छापील वाचावं तसं वाचायला लागले. हुंडीवाल्यांची, बैलांची, वांग्याच्या रोपांची पत्रं. तासभर नुसती वांगी.

मी म्हटलं, मुन्शीजी, राहू द्या, मयताचं पत्र यात नसणारच.

ते म्हणाले, "टेलरमास्तर, गेलेलं पत्र न्हाई सापडायचं. त्याचं उत्तर सापडेल. उत्तरात माणूस आधी काय लिहितो? तुमचं अमक्या मितीचं पत्र पावलं."

इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या काही कार्डांनंतर मामांचं नाव निघालं. मामांनी आबांना लिहिलं होतं, 'आपले दुसरे पत्र पावले. मेहुणे खुशाल वाचून सर्वांचा जीव भांड्यात पडला. पहिल्या पत्राने येथे दोन दिवस चूल पेटली नाही. आपला कावळा आम्हांस महाग पडला.'

मी म्हटलं हे काय? मेल्यावर खुशाल कसे?

बनूआक्का तोंडाला पदर लावून बसली होती. तिने सांगितलं. ती तेव्हा दहा वर्षांची. माझे वडील अंगणात बसले असताना त्यांच्या डोक्याला कावळा शिवला. कावळा शिवला की मरण येतं म्हणतात. त्यावर तोड एकच, माणूस मेला म्हणून लांबच्या नातेवाइकांना खोटं पत्र घालायचं. ते रडले की मरण टळतं. मग दोन दिवसांनी दुसरं पत्र, की खुशाल आहे, कावळा शिवला होता. आबांनी तसंच केलं. पुण्याला पहिलं पत्र गेलं, आई रडली. मग दुसरं गेलं.

"आन् चार म्हैन्यांनी पटकीची साथ आली," आक्का म्हणाली, "तवा काका खरंच गेलं. आबांनी पुन्हा पत्र घातलं."

मुन्शीजींनी पुढचं कार्ड वाचलं. अक्षर मामांचं, मजकूर आईचा. मी तो इथे आठवतो तसा देतो. 'तीर्थरूप भावजींचे सेवेशी. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस सकाळी गेले असे आपण लिहिले ते पावले. मागचे खेपेसही असेच लिहिले होते. मी रडून घेतले आहे. आता दुसरे पत्र लवकर पाठवावे. मूल खुशाल आहे.'

पंचमी. ज्यासाठी मी मोटार ढकलली ती तिथी मिळाली होती. मी ती लिहून घ्यायला विसरलो. मुन्शीजींनीच एका चिठ्ठीवर लिहून माझ्या खिशात घातली.

आणखी चार कार्डं होती, वेगवेगळ्या हातची. मामा गेल्यावर आई कोणाकोणाकडून लिहून घेत असणार. आबांनी दोनदा खुलासा केलेला दिसतो, कारण एकात ती म्हणते, 'आपले पत्र पावले, परंतु ते दुसरे पत्र नव्हे.' त्यानंतर आबांनी लिहिणं सोडलं.

मला राग आला. आक्काला म्हटलं, माणूस पाठवायचा होता. स्वतः जायचं होतं. पुणं काय काशी आहे?

ती म्हणाली, "आबा जानार हुते. दर साली जानार हुते. म्हनायचे, तिच्या म्होरं उभा राहून काय सांगू? आन् ती तरी का आली न्हाई रे? तिला रस्ता ठाव नव्हता व्हय?"

आईला रस्ता ठाऊक होता. तिसगावचं नाव निघालं की ती उठून कामाला लागायची.

मुन्शीजींनी शेवटचं कार्ड न वाचताच माझ्यापुढे धरलं. "हे बाळबोध आहे, मास्तर. हे तुम्हीच वाचा."

मोठमोठी अक्षरं, ओळ खाली घसरत गेलेली. 'आबांस नमस्कार. मी बारा वर्षांचा झालो. मला काज करता येते. आई म्हणते दुसरे पत्र पाठवा. बाबांस नमस्कार सांगा.'

ते मी लिहिलं होतं. मला काहीएक आठवत नाही. 'बाबांस नमस्कार' हे आईने सांगितलं की माझं मीच लिहिलं, तेही नाही.

मुन्शीजींनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्या कोटाचं एक बटण तुटलं होतं, ते मात्र तिथल्या तिथे माझ्याकडून लावून घेतलं. मी आईची पाच कार्डं मागितली, तर आक्का तार सोडेना. आबा म्हणत, ज्याचं उत्तर गेलं नाही ते पत्र तारेतून काढायचं नाही. मग स्वतःच म्हणाली, "सगळी तारच ने. उत्तर आता तुझ्याकडंच लागतंय."

येताना गाडीत जागा मिळाली. पण मांडीवर तार, आणि तिचा आकडा शेजारच्या धोतरात अडकला, त्यावरून दौंडपर्यंत बोलणी खाल्ली. अशी तार आणायची असेल तर आकड्याला चिंधी बांधा.

पितृपक्षात पंचमीला वडिलांचं श्राद्ध केलं. साठ वर्षांनी त्यांचा स्वतःचा दिवस. कौलावर कावळ्याचा घास ठेवला तर कावळा लगेच आला. मी म्हटलं, तुला बरं आमचं घर सापडतं.

भटजी दक्षिणा घेऊन निघाले तेव्हा मी सांगितलं की नवमीलाही या, अविधवा नवमी आहे, आईचं करायचं आहे. सवाष्ण जेवू घालू, हिरवं लुगडं आणून ठेवलं आहे.

भटजी थांबले. म्हणाले, "अहो, आत्ताच वडिलांची तिथी घातली. ते आधी गेले. मग आई सवाष्ण कशी? हे शास्त्रात बसत नाही."

मी म्हटलं, बसत नसेल. तिला दुसरं पत्र मिळालं नव्हतं.