जाऊबाईंच्या गालांवरचे चट्टे

लग्न होऊन मी अमडापूरला आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. सासरी भाजीपाल्याचं शेत होतं आणि त्याचा सगळा कारभार थोरल्या जाऊबाईंकडे. वांग्याचं रोप कसं लावायचं, हेसुद्धा त्यांनीच मला शिकवलं.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले. बोटांचे सांधे सुजले, अंगात बारीक ताप राहू लागला. बाजारात बायका हातात घेतलेली भाजी परत ठेवून पुढे जायच्या. महारोग हा शब्द तोंडावर कुणी उच्चारला नाही. पण जाऊबाई आपणहून ताट वेगळं करून दाराजवळ जेवायला बसू लागल्या. मी माझं ताट घेऊन शेजारी बसले, तर ओरडल्या, "उठ तिथून! तुले अजून लेकरंबाळं व्हायची हायेत."

मी उठले नाही.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे भासरे, फार कमी बोलायचे. एक दिवस एवढंच म्हणाले, "उद्या खामगावले जाऊ." सोबत बाईमाणूस हवं म्हणून मलाही घेतलं.

खामगावच्या डॉक्टरांनी चट्ट्यावर सुईचं टोक टेकवलं. "लागतं का?"

"लागते नं! सुई होय ना ते?"

डॉक्टर हसले. "महारोगात चट्टा बहुतेक बधिर होतो. हे दुसरंच दिसतं. नागपूरला दाखवा."

बाहेर येऊन भासरे लिंबाखाली थांबले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. जाऊबाईंनीच दटावलं, "आता काऊन रडून राह्यले? महारोग नाही म्हणते ना डाक्टर!"

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. रोगाचं नाव निघालं ल्युपस. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, हे अलीकडेच कळू लागलंय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पूर्वी फारसं काही करता येत नसे, आता गोळ्या होत्या. एक सूज उतरवणारी. ती आपल्या मनाने बंद करायची नाही. दुसरी चक्क हिवतापाची. आणि ऊन टाळायचं.

"उन्हात नाही जायचं तं भाजी काय घरात पिकवू?" जाऊबाईंनी विचारलं.

उत्तर भासऱ्यांनी शोधलं. परत आल्यावर त्यांनी अर्ध्या शेतात बांबू रोवले, तारा ओढल्या आणि दोडक्याचे, कारल्याचे वेल लावले. वेल चढेपर्यंत वर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या टाकल्या. जाऊबाई त्या मांडवाखाली काम करू लागल्या. ताप गेला, चट्टे फिके पडले. गोळ्यांनी चेहरा गोल झाला, तेव्हा भासरे माझ्यादेखत पहिल्यांदाच थट्टेने बोलले, "जेवण आंगी लागून राह्यलं बरं का!" जाऊबाई लाजून आत पळाल्या.

दुखणं पुरतं गेलं नाही. दोनदा उलटलं, एकदा तर पायांवर इतकी सूज आली की आम्ही हबकलो. दर वेळी नागपूर, दर वेळी औषधं बदलायची. तरी जाऊबाईंनी साठी ओलांडली. नागपूरची खेप त्यांना मनातून आवडायची. गाडीत त्या सावलीच्या बाजूला बसत, मी उन्हाच्या. आणि अकोला येईपर्यंत डब्यातली एखादी अनोळखी बाई त्यांना आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगत असे.