बुलामनचं रविवारचं रीडिंग

सिडनीपासून दिवसभराच्या वाटेवरचं बुलामन हे गाव म्हणजे गव्हाचं एक कोठार, एक पब, बाराएक घरं आणि चहूकडे डोळे शिणेपर्यंत सपाट जमीन. अशा ठिकाणी डोरीन तुस्कानो एकटी राहायची. नवरा एलायस १९७१ साली वसईहून तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून आला आणि सात वर्षांनी छातीत कळ येऊन गेला. मूलबाळ नाही, बाईला गाडी चालवता येत नाही, तरी परत जायचं नाव नाही. का, तर मागच्या अंगणातलं पाऊस मोजायचं रेनगेज रोज सकाळी नऊला वाचायचं काम एलायसने अंगावर घेतलं होतं, ते तिला सोडवत नव्हतं. एका पैचा पगार नाही. मला तेव्हा हे सगळं फार विनोदी वाटायचं.

माझा नवरा शिरीष तिथून ऐंशी किलोमीटरवर शेतकऱ्यांच्या एका सहकारी संस्थेत होता. पुण्यात हवामानशास्त्र शिकलेला, अक्षर सुरेख, चेहरा कायम पेपर तपासत असल्यासारखा. दर ऑगस्टअखेर तो उत्तरेकडच्या मैदानांचा वसंताचा अंदाज काढायचा. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाऊस सरासरीइतका, कमी की जास्त, एवढंच. तो एक पानाचा कागद दुकानांत लागायचा, रेडिओवर वाचला जायचा. तळाशी बारीक अक्षरांत चौदा गावांची नावं असायची, ज्यांच्या नोंदींवरून हिशेब केला ती. त्यात बुलामन होतं.

डोरीन त्या नावाखाली पेनाने रेघ मारून एक कागद वसईला सासूकडे पाठवायची. मला म्हणायची, "एलायसचं नाव छापून आल्यासारखं वाटतं गं बाय." त्या एका नावासाठी ही बाई तापात, पायाला प्लास्टर असताना, नवऱ्याला पुरायच्या दिवशीसुद्धा नऊ वाजता अंगणात उभी राहिली होती.

दोनशे किलोमीटरांत मराठी बोलणाऱ्या बायका आम्ही दोघीच. महिन्यातून एकदा मी जायचे. मला बोलायला माणूस हवं होतं, तिला खायला घालायला. अशाच एका दुपारी आंबवलेल्या मैद्याचे गोल फुगे तळता तळता तिने सांगून टाकलं. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सव्वाशे किलोमीटरवर, नऊ वाजता. समोरची बेरिल आपल्या गाडीतून नेते, सातला निघावं लागतं. म्हणून रविवारी रीडिंग निघताना घ्यायचं आणि कागदावर नऊ लिहायचं. "तेवढंच खोटं बोलते बघ. ते पण कन्फेशनला सांगते."

तेच पाप दर आठवड्याला ऐकून फादर किती विटले असतील, असं मी म्हटलं. दोघी पोट धरून हसलो.

१९८२ च्या जुलैत शिरीषचा साहेब सिडनीहून जेवायला आला. गप्प नवरा आणि गप्प पाहुणा. मला लोकांना हसवायची हौस. मी उठून डोरीनची नक्कल केली. डोक्यावर हॅट, हातात जपमाळ, चर्चला जातानाची पांढरीफटक पावडर, आणि बाई रेनगेजमध्ये डोकं घालून वाकलेली, बाहेर सातलाच बेरिलचा हॉर्न, आणि कागदावर नऊ. साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. शिरीषने चमचा खाली ठेवला.

"किती वर्षं चाललंय हे?" त्याने रात्रभरही वाट पाहिली नाही, साहेबासमोरच विचारलं.

"एलायस गेल्यापासून असेल. अरे, दोन तासांत असा काय पूर येतो?"

"पाऊस पडला की नाही हा प्रश्नच नाही, चित्रा."

तो चिडला नव्हता. खूश झाला होता. चूक सापडली की तो असाच खुलायचा. सोमवारी त्याने बुलामन काढून त्या वसंताचा कच्चा हिशेब पुन्हा केला. उत्तर आलं सरासरीपेक्षा कमी. बुलामन धरूनही तेच येत होतं. हे त्यानेच मला सांगितलं, आणि तरी बुलामन काढलं.

रेनगेज काढून आणायला ऑगस्टअखेर आम्ही दोघं गेलो. मी नाही म्हणू शकले असते. डोरीनने स्वयंपाक करून ठेवला होता. रविवारच्या नोंदींमुळे बुलामन वगळल्याचं संस्थेचं पत्र टेबलावर सरळ करून ती शिरीषला म्हणाली, "भाऊ, मिस्सा सोडते. रविवारी पण नऊलाच वाचीन. नाव तेवढं राहू द्या."

"सॉरी, मिसेस तुस्कानो. कागद छापायला गेला," असं म्हणून तो पाना घेऊन अंगणात गेला. आयुष्यात ती पहिल्यांदाच त्याच्याकडे मराठीत काही मागत होती आणि हा गृहस्थ इंग्रजीत उत्तर देत होता.

ती माझ्या पानात वाढू लागली. "रविवारचं कोणाला ठाऊक होतं? तुला आणि बेरिलला. तू तर आपलं माणूस. बेरिलनेच सांगितलं. उशीर होतो म्हणून सारखी कटकट करायची. तीच ना गं? भाऊ घरी बोलले असतील ना, कोणी सांगितलं ते?"

दारात शिरीष उभा होता, हातात ते रेनगेज. आकड्यात तसूभर खोटं न चालणारा माणूस माझ्याकडे बघत रेनगेजची धूळ पुसत राहिला.

मी म्हटलं, "तीच असेल."

बेरिल पुढचे दोन रविवार डोरीनच्या दारात हॉर्न वाजवत राहिली. तिसऱ्या रविवारी आली नाही. डोरीन का येत नाही ते तिला कोणी सांगितलंच नाही.

पाऊस सांगितला होता तसा कमीच पडला, शिरीषचं नाव झालं, आणि दोन वर्षांत आम्ही सिडनीत कॅसल हिलला बंगल्यात राहायला आलो. डोरीनचं नाताळचं कार्ड दरवर्षी येतं. गेल्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, तिने लिहिलं होतं: "बेरिल गेली. कॅन्सर होता. शेवटी दोनदा निरोप पाठवून बोलावत होती मला. मी गेले नाही. समोरच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. तू माझ्या जागी असतीस तर तूही गेली नसतीस."