दाजींच्या खांद्यावर माझी बॅग

आमच्या हिंगोली जिल्ह्यात मी काय काम करतो हे सांगताना माझी पुरती दमछाक होते. "गोल्फ खेळतो" म्हटलं की समोरचा म्हणतो, "ते ठीक हाय, पन करतो काय?" मी म्हणतो, तेच करतो, पोट त्यावरच चालतं. मग तो मला वरून खाली न्याहाळतो आणि विषय सोयाबीनच्या भावाकडे नेतो. सुरुवातीला मला राग यायचा. आता मीच आधी भावाचं विचारून घेतो.

माझी कुळकथा काही मोठी नाही. कळमनुरी तालुक्यातलं गाव सोडून वडील पुण्याला एका गोल्फ मैदानावर गवत कापायला लागले. मी तिथंच लोकांच्या बॅगा उचलता उचलता खेळायला शिकलो आणि व्यावसायिक झालो. देशभर फिरणारी स्पर्धांची एक मालिका असते, सीझनभर या शहरातून त्या शहरात. प्रत्येक स्पर्धा चार दिवसांची, आणि पहिल्या दोन दिवसांत जे मागे पडले त्यांना घरी पाठवतात. गेल्या सीझनला मी इतक्या वेळा घरी आलो की बायको म्हणाली, "आता बॅग उघडूच नका, उगा इस्त्री मोडते."

हसण्यावारी नेलं, पण आतून फाटली होती. सीझन संपताना क्रमवारीत ठरावीक नंबराच्या आत असलं तरच पुढच्या वर्षीचं कार्ड, म्हणजे या मालिकेत खेळायचा परवाना, राहतं. नाही राहिलं तर सगळं पहिल्यापासून, पात्रता फेरीपासून. मी आता पोरसवदा राहिलेलो नाही. कार्ड गेलं तर खेळणं सोडायचं आणि साहेब लोकांच्या मुलांना बॅट धरायला, म्हणजे आमच्या भाषेत क्लब धरायला शिकवायचं, असं मी घरी बोलून बसलो होतो. एकच स्पर्धा उरली होती, आणि मी नेमका रेषेच्या खाली होतो.

त्यात माझा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि सल्ला देणारा गडी, दुसऱ्या खेळाडूकडे गेला. त्याचं काही चुकलं नाही, त्यालाही लेकरंबाळं आहेत. मी तोंड लटकवून बहिणीकडे, आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावला गेलो. सोयाबीन निघून गेलेल्या त्यांच्या रानात चेंडू मारत बसलो. संध्याकाळी जेवताना बहिणीने सगळं काढून घेतलं, आणि ताटावरून न उठताच दाजी म्हणाले, "मी येतो ना. बॅगच उचलायची हाय, आनखी काय?"

आता दाजी म्हणजे आमच्या घरचे एकुलते एक जावई. उंचेपुरे, मिशीवाले, बोलायला लागले की समोरच्याने पाणी पिऊन घ्यावं इतके बोलणारे. त्यांना नाही कोण म्हणणार? आईला फोनवर कळलं तेव्हा तिने आकाशपाताळ एक केलं. "जावयाच्या खांद्यावर ओझं देतो? लोक तोंडात शेन घालतील! अरे, त्याच्या हातात आमी कधी पिशवी दिली न्हाई!" शेवटी तिने एका अटीवर परवानगी दिली: चढ लागला की बॅग मी घ्यायची.

आणि मी घेतली, देवाशप्पथ. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी प्रत्येक चढावर मी घामाघूम होऊन बॅग वाहतोय आणि दाजी पुढे छत्री घेऊन, ओळखीपाळखीच्या नसलेल्या लोकांना रामराम घालत चाललेत. कॅडीच्या जॅकेटवर पाठीमागे खेळाडूचं नाव असतं. पाहणाऱ्यांना वाटलं असणार, ते नाव दाजींचंच, आणि मी त्यांचा हमाल. माझ्यासोबत खेळणारे दोघंही उत्तरेकडचे होते, ते तोंडावर हात ठेवून हसत होते.

हसण्याचं मला काही नव्हतं. तकलीफ होती ती सल्ल्याची. दाजींनी गोल्फ माझ्या तोंडूनच ऐकलेला, पण सल्ला प्रत्येक फटक्याला. "जोरात कशाला मारतो? हळूच टाक." "तिकडं पानी हाय, इकडून काढ." मी नेहमीच्या अंदाजाने एक क्लब काढायचो, दाजी म्हणायचे, "बारका घे," आणि मी मुकाट बारका घ्यायचो. आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत, तो पंगतीत असो की गोल्फच्या मैदानावर. पहिल्या दिवशी मी त्यांच्या शब्दापायी दोन-तीन फटके तरी वाया घालवले. दुसऱ्या दिवशी कसाबसा घरी जायचा वाचलो. तिसऱ्या दिवशी पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा क्लब, चांगला चालला म्हणून टिकलो. बहिणीला फोनवर म्हणालो, "दाजींचा लई आधार हाय." दात ओठ खात म्हणालो.

चौथ्या दिवशी दुपारी गणित साफ होतं. अठरापैकी उरलेले होल, म्हणजे झेंडा लावलेली भोकं, नीट खेळलो तर कार्ड राहत होतं, एखादा बिघडला की संपलं. पंधराव्या होलला समोर तळं, पलीकडे झेंडा. पाणी ओलांडून मारायची हीच संधी, माझा आवडता फटका. मी क्लब काढला, दोन पावलं मागे झालो, श्वास घेतला.

"पान्यावरून नको मारू," दाजी म्हणाले. "बाजूनं काढ. ऐक माझं."

"दाजी," मी म्हणालो, "तुमी जरा गप बसता का?"

तोंडातून गेलं आणि माझंच मला ऐकू आलं. आवाज चांगला टिपेचा होता. दोघं खेळाडू, त्यांचे कॅडी, थोडेफार प्रेक्षक, सगळे वळून पाहू लागले. दाजींनी शांतपणे बॅग खाली ठेवली, जाऊन एका झाडाखाली बसले, आणि आमच्याकडे पाठ केली.

"मी चाललो गोरेगावला," तिकडूनच म्हणाले.

जावई रुसला! बरं, रुसावं कुठं, तर कार्डाचा फैसला होत असताना. फटका मारायला वेळ ठरलेला असतो, उशीर केला तर दंड बसतो. पंच गाडीतून उतरून माझ्याकडेच यायला लागला. मी म्हणालो, "दाजी, चुकलं, उठा." दाजी हलले नाहीत. आमच्याकडे रुसलेला जावई नुसत्या शब्दाने उठत नसतो, त्याला आहेर करावा लागतो. टॉवेल-टोपी तरी पाहिजेच. आता तिथं टॉवेल-टोपी कुठून आणू, असं म्हणेपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. क्लब पुसायचा टॉवेल बॅगेला लटकत होता, आणि टोपी तर माझ्याच डोक्यावर.

मी टॉवेल काढला, झटकला, दाजींच्या खांद्यावर टाकला. टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. वाकून पाया पडलो. पंच येऊन पोचला. "भाईसाब, ये क्या चल रहा है?"

"हमारे जीजाजी हैं," मी म्हणालो. "नाराज हो गए."

पंचाने एकदा दाजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बहुतेक त्यालाही बहीण असावी. "जीजाजी हैं तो मनाओ," तो म्हणाला, "लेकिन जरा जल्दी."

"टोपी घामेजलेली हाय," दाजी म्हणाले. पण मिशीखाली काहीतरी हललं, आणि ते उठले.

मग मी पाण्यावरून मारला. चेंडू हवेत असेपर्यंत दाजी टोपी धरून वर पाहत होते. तो पलीकडे हिरवळीवर पडला तेव्हा मला एकदम मोकळं वाटलं. पुढचे होल मी बोडक्या डोक्याने आणि माझ्या मनासारखे खेळलो. दाजी एका अक्षराने बोलले नाहीत.

अठराव्या होलला शेवटचा पट, म्हणजे पटरचा हलका फटका, हातभर अंतराचा राहिला. एवढा पट मी झोपेतही टाकतो, पण तेव्हा मी चेंडूभोवती दोनदा चक्कर मारून आलो. हा गेला तर कार्ड, नाही गेला तर साहेबांची मुलं. "दाजी," मी म्हणालो, "काय करू?"

"मला काय इचारतो?" दाजी लांब सरकत म्हणाले. "खेळ तुझा हाय."

चेंडू कडेला लागून, विचार केल्यासारखा करून आत पडला. मी तिथंच खाली बसलो आणि रडायला लागलो.

दाजी धावत आले. "कितवा आला?"

"तिसाच्या पुढं कुठंतरी."

"मंग रडून काहून राहिला?"

"दाजी, कार्ड राहिलं. पुढच्या साली बी खेळतो मी."

दाजी माझ्या शेजारी गवतावर बसले. खांद्यावरच्या टॉवेलाने तोंड पुसलं. मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी मला कळलं, माझं ऐकून तुझं बिघडून राहिलं. पन मला भेव वाटलं की तोंड गप बसत न्हाई माझं. पन तू काहून ऐकत होता लेका? माझ्यामुळं तुझी भाकर गेली असती तर तुझ्या बहिनीला मी काय तोंड दाखवलं असतं? तू कवा वरडतो याचीच वाट पाहून राहिलो होतो मी."

मी डोळे पुसले. "मंग वरडल्यावर रुसलात काहून?"

"आता जावई हाय म्हनल्यावर," दाजी म्हणाले, "रुसू बी नको का?"