बोरकरचे पाच स्पीकर आणि एक खुर्ची

रविवारी तीन माणसं एका हॉलमध्ये जमली, त्यातला एक जण सारखा स्पीकर सरकवतोय आणि उरलेले दोघे दिवाणावर बसून त्याला सल्ले देताहेत, एवढं असलं की किस्से जमवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. कपाटावर जुन्या वायरी साठतात ना, तसे ते साठत जातात. कामाचे नसतात, पण फेकवतही नाहीत.

पूर्वी हे किस्से सांगताना आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. आता सांगता सांगता मध्येच कुणीतरी गप्प होतं. बहुतेक वेळा मीच.

तीन माणसं म्हणजे बोरकर, मेश्राम आणि मी. तिघंही विदर्भातले, तिघंही नोकरीपायी रायपुरात आलेले. बोरकर सचिवालयात, मेश्राम रेल्वेच्या सिग्नल खात्यात आणि मी एका सरकारी ऑफिसात बिलं तपासणारा. राज्य नवं होतं, राजधानी नवी होती. समता कॉलनीतली भाडी वाढत होती आणि आमच्यासारख्या बाबू लोकांच्या घरातसुद्धा मोठे टीव्ही यायला लागले होते.

बोरकरने होम थिएटर घेतलं ते मात्र मिरवायला नव्हे. त्याचा निखिल तेव्हा नववीत होता. एकुलता एक. शाळा सुटली की दप्तर फेकून मित्राकडे पळायचा, कारण मित्राच्या घरी घुमणारा आवाज होता!

"पोट्टा घरात टिकूनच नाही राहिला," बोरकर आम्हाला म्हणाला. "माह्याजवळ बसन तरी. म्हणून घेऊन राहिलो."

*

सामान घरी आलं. पाच स्पीकर आणि एक वूफर, म्हणजे धडधड करणारा तो मोठा डबा.

रविवारी आम्ही गेलो तर शोकेसवर टीव्हीच्या डोक्याशी पाचही स्पीकर एका ओळीत उभे, ग्रुप फोटोला उभे केल्यासारखे. सगळा आवाज समोरून एकदम अंगावर यायचा.

निखिलला हसू आवरेना. "पापा, दो पीछे जाते हैं! सोफे के पीछे!"

"मागं लावले तर येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसतीन कसे बे?" बोरकर म्हणाला.

दोन स्पीकर मागे जायला बरेच दिवस लागले. कॉलनीतलं प्रत्येक घर येऊन पाहून गेल्यावरच ते गेले, आणि समोरचे दोन शोकेसवरून उतरून लाकडी स्टँडवर आले. पण पोरगा घरी बसायला लागला होता हे खरं. शाळेतून आला की खुर्ची ओढून बसायचा आणि बोरकर ऑफिसातून आला की शेजारी दिवाणावर. कधी बोलायचे नाहीत दोघं. पण बोरकरचा चेहरा त्या दिवसांत पाहण्यासारखा असायचा.

*

आता वहिनींची, म्हणजे बोरकरच्या बायकोची बाजू. नव्या वस्तूवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी प्रत्येक स्पीकरला क्रोशाची टोपी विणली. हिरोईन काय बोलतेय ते कळेना, सगळ्यांना सर्दी झाल्यासारखे आवाज यायला लागले. टोप्या निघाल्या, पण वूफर काही सुटला नाही. त्याच्यावर टेबलक्लॉथ आलं आणि टेबलक्लॉथवर फ्लॉवरपॉट.

बोरकरने कितीदा सांगितलं, त्याच्यावर काही ठेवू नको. वहिनी म्हणायच्या, "एवढा मोठा डबा रिकामा काहून ठेवायचा?"

मग एका रविवारी मारामारीचा सिनेमा लागला. वूफर धडधडायला लागला आणि फ्लॉवरपॉट हळूहळू चालायला लागला! निखिल पाहतोय, मेश्राम पाहतोय, मीही पाहतोय. कुणी उठेना, कारण सिनेमापेक्षा तेच जास्त रंगलं होतं. शेवटच्या हाणामारीत फ्लॉवरपॉट काठावर पोचला आणि गेला.

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "तुमच्या हिरोनं माह्या मामानं देल्लेला फ्लॉवरपॉट फोडला!"

निखिल हसता हसता खुर्चीवरून खाली पडला. बोरकर आजही म्हणतो, त्या हॉलमध्ये सगळ्यात चांगला आवाज त्या दिवशी आला होता.

*

मेश्रामने कुठून तरी एक युक्ती शिकून आणली. वूफर कुठे ठेवायचा हे कळत नसेल तर त्याला आपण बसतो त्या जागेवर ठेवायचं, गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत सगळा हॉल फिरायचा. जिथे धडधड भरीव ऐकू येईल, ती वूफरची जागा.

बोरकरने वूफर निखिलच्या खुर्चीत बसवला आणि स्वतः बनियन-पायजम्यावर रांगायला लागला. दिवाणाजवळ थांबायचा, मान वाकडी करायचा, पुढे सरकायचा. तेवढ्यात शेजारचे साहू भैया प्रसादाची वाटी घेऊन दारात.

"का गंवागे भैया?" म्हणजे काय हरवलं, असं विचारलं त्यांनी.

"आवाज शोधून राहिलो," बोरकर मान वर न करता म्हणाला.

साहू भैया भला माणूस. वाटी खिडकीत ठेवली, चपला काढल्या आणि तेही दिवाणाखाली शोधायला लागले!

आवाज शेवटी सापडला तो नेमका देवघराच्या कोपऱ्यात. बोरकरने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"देव हालत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमचा डबा हालवा."

*

इथपर्यंतचे किस्से मी कुठेही सांगतो. पुढचा सांगताना जड जातं.

निखिल अकरावीत गेला, कोचिंग लागलं आणि बोरकरच्या ऑफिसात प्रत्येक जण आपापल्या पोराच्या अभ्यासाच्या गोष्टी सांगायला लागला. कुणाच्या घरी केबल कापलेली, कुणी टीव्ही भावाकडे ठेवून आलेला. बोरकर घाबरला. एका रविवारी आम्ही गेलो तर स्पीकरच्या वायरी गुंडाळून कपाटात. कुलूप!

"दोन सालाचा तर सवाल आहे," तो म्हणाला.

आमचे रविवार तेव्हा नुसत्या चहावर निघत. आम्ही हळू आवाजात बोलायचो, कारण आतल्या खोलीत निखिल अभ्यास करत असायचा. एकदा तो पाणी प्यायला बाहेर आला. थोडा वेळ हॉलमध्ये रेंगाळला.

"पापा, बस एक गाना?"

बोरकरने मान हलवली. "परीक्षा होऊ दे बेटा. मंग मन भरून ऐक."

परीक्षा झाली. लगेच प्रवेश परीक्षा झाल्या, काउन्सेलिंग झालं आणि पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. मन भरून ऐकायचं राहून गेलं.

त्याला गाडीत बसवून आल्यावर बोरकरने कपाट उघडलं. आम्ही दोघं बरोबर होतो. वायरी हातात घेऊन तो दिवाणावर बसला.

"पोट्टा दोन साल पूर्ण घरात होता," तो म्हणाला. "अन् मीच वायरी काढून ठेवल्या."

मेश्रामने वायरीचं एक टोक धरलं आणि गुंडाळी सोडवायला लागला. 

*

त्यानंतर बोरकर जो आवाजाच्या मागे लागला, तो लागलाच. नवा अॅम्प्लिफायर आणला. जाड वायरी आणल्या. प्रत्येक स्पीकरपासून निखिलच्या खुर्चीपर्यंत सुतळी लावून अंतर सारखं केलं. खुर्चीच्या चारी पायांशी फरशीवर वहिनींच्या नेलपॉलिशने खुणा केल्या, झाडू-पोछा झाला तरी खुर्ची परत तिथेच यावी म्हणून. सगळा आवाज त्या एका खुर्चीवर येऊन मिळत असे. बाकी हॉलमध्ये बसणाऱ्याला जे मिळेल ते त्याचं नशीब.

मेश्राम एकदा त्या खुर्चीवर बसला.

"उठ," बोरकर म्हणाला. "ती निखिलची आहे."

"अबे, पण निखिल पुण्याले आहे ना!"

"मंग काय झालं? सुट्टीत येईन."

निखिल सुट्टीत यायचा, पण मित्रांमध्ये असायचा. मग नोकरी लागली, बंगलोरला, आणि सुट्ट्याही गेल्या. आवाज सुधारत गेला आणि ऐकणारा कमी होत गेला. मला त्या घरी जाताना खरंच वाईट वाटायचं, पण गेलो नाही तर जास्त वाईट वाटायचं.

एकदा गेलो तर खुर्चीवर उशी आणि उशीवर मोबाइल. बोरकरने निखिलला फोन लावून ठेवला होता आणि समोर गाणं चालू होतं. ते आमचं नेहमीचं आवाज तपासायचं गाणं, सुरुवातीला बारीक घुंगरू असलेलं. गाणं संपेपर्यंत आम्हाला बोलायची परवानगी नव्हती.

मग बोरकरने फोन उचलला. "कसा येऊन राहिला आवाज?"

पलीकडून निखिल म्हणाला, "पापा, फ़ोन पे तो सब एक जैसा लगता है।"

"हव, हव. ठीक आहे. काम कर तू." बोरकरने फोन ठेवला आणि आमच्याकडे वळला. "तिकडचं नेटवर्क बेकार आहे."

*

मग ऑफिसं नव्या रायपुरात गेली आणि बोरकरला तिकडे क्वार्टर मिळालं. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि पलीकडे माणूसही नाही. बस कधी येईल ते बसलाच माहीत. आमचे रविवार महिन्यातून एकावर आले.

हॉल मात्र मोठा, समता कॉलनीच्या दुप्पट. बोरकर खूश! सामान लावलं, नेलपॉलिशच्या खुणा नव्याने केल्या, गाणं लावलं आणि प्रत्येक ओळ भिंतीला आपटून दुसऱ्यांदा ऐकू आली. रिकामा हॉल, उघड्या भिंती. सगळा आवाज घुमायला लागला.

"इथं मी त्यांले जेवाले बोलावते, तर माहाच आवाज मले वापस येते," वहिनी म्हणाल्या.

मग भिंतींवर चादरी टांगल्या. गाद्या उभ्या केल्या. गोधड्या टांगल्या. हॉल लाँड्रीसारखा दिसायला लागला, पण घुमणं काही पूर्ण जाईना. मेश्राम दिवाणावर बसून टाळ्या वाजवत होता आणि त्याची टाळी कुठून परत येते ते ऐकत होता.

शेवटी म्हणाला, "बोरकर, चादरीनं नाही होत. माणसं बसव हॉलमंधी. माणूस आवाज पिते. भरलं घर असलं की घुमत नाही."

बोरकर स्टुलावर उभा होता, हातात गोधडीचं टोक.

"हव," तो म्हणाला. "पण माणसं कुठून आणू?"

*

आणि आता शेवटचा.

परवाच्या दिवाळीला निखिल आला. लग्नानंतर पहिल्यांदाच, बायकोला घेऊन. बोरकरचा फोन आला, "या बे दोघं. पोट्टा आला आहे. आज ऐकवतो त्याले." मेश्रामच्या स्कूटरवर बसून आम्ही गेलो.

निखिल आता चांगलाच उंच झालाय. आम्हाला वाकून नमस्कार केला आणि बोरकरने दाखवल्याबरोबर निमूट खुर्चीत जाऊन बसला. मोबाइलसुद्धा खिशात ठेवला. बोरकर रिमोट घेऊन उभाच. घुंगरूंचं गाणं लागलं. संपलं.

"अच्छा है, पापा।"

"खरं सांग."

निखिल जरा घुटमळला. "थोड़ा दबा-दबा है। घुंगरू खुल नहीं रहे।"

बोरकरचा चेहरा पडला. मेश्रामने समोरच्या दोन स्पीकरकडे पाहिलं, मग निखिलच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मलाही तेव्हाच कळलं.

बारीक आवाज असा असतो की स्पीकर कानाच्या उंचीवर असला तरच तो मोकळा येतो. त्या स्पीकरांचे लाकडी स्टँड समता कॉलनीतल्या सुताराने बनवलेले. बोरकरने नववीतल्या निखिलला खुर्चीत ताठ बसवून, जमिनीपासून त्याच्या कानापर्यंत टेप लावून, त्या मापाने ते कापून घेतले होते. त्यानंतर वायरी बदलल्या, अॅम्प्लिफायर बदलला, घर बदललं. स्टँडला त्याने कुणाला हात लावू दिला नाही. निखिलचा कान आता त्यांच्यापेक्षा चांगला वीतभर वर होता.

"बोरकर, काही नाही बे," मेश्राम उठत म्हणाला. "स्टँडखाली दोन-दोन विटा ठेवू. बाहेर पडल्या आहेत, मी आणतो."

"नोको!"

बोरकर एवढ्या मोठ्याने म्हणाला की सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. वहिनीही आल्या. मेश्राम अर्धवट उठलेला तसाच थांबला.

मग बोरकर हळूच निखिलला म्हणाला, "तू थोडासा खाली सरकून बस ना, बेटा."

निखिलने बापाकडे पाहिलं. स्टँडकडे पाहिलं. मग त्याने पाय लांब केले आणि खुर्चीत घसरत घसरत इतका खाली गेला की हनुवटी छातीला टेकली. शाळेतली पोरं बसतात तसा.

बोरकरने गाणं पहिल्यापासून लावलं.

"हाँ पापा," निखिल खालूनच म्हणाला, "अब सही है।"

बोरकरने रिमोट बाजूला ठेवला आणि त्याच्या शेजारी, दिवाणावर येऊन बसला.

"मंग आता हालू नोको," तो म्हणाला.