अण्णांची नात आणि नवी मापं

आमच्या थोरल्या मावशीचे यजमान, म्हणजे अण्णा, यांच्याइतका काळजीखोर माणूस तुंगभद्रेच्या अलीकडे किंवा पलीकडे झाला असेल असं मला वाटत नाही. नोकरी वजनमाप खात्यातली. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, पाठोपाठ अण्णाही बदली होऊन बंगलोरला राजाजीनगरात आले, आणि शेर-रत्तल जाऊन किलो येणार म्हटल्यावर त्यांची झोपच उडाली. कारण दोन राज्यांत नवी मापं निरनिराळ्या वेळी लागू होणार होती. "अलीकडं किलो, पलीकडं शेर. मग निपाणीच्या बाजारातल्या गिऱ्हाइकानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं रे?" असं ते ज्याला त्याला विचारत, मग तो त्यांच्या गालाला साबण लावणारा न्हावी का असेना. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची एकदा बैठक झाली, तिथून ते तोंड पाडून परतले. "सगळ्यावर एकमत झालं बघ, तारीख सोडून!" दारावरच्या भाजीवालीलाही ते सोडत नसत. "किलो शेराहून स्वल्प जास्त, अक्का. नुसत्या आकड्यावर जाऊ नका!" ती बिचारी मान डोलवायची आणि मावशी कपाळाला हात लावायची.

अशात त्यांची मुलगी कुमुद मिरजेहून बाळ घेऊन आली. पोर दिवस भरायच्या आधी जन्मलेली, हातात घ्यायचीही भीती वाटावी अशी. वजन वाढलं तर ठीक, घटलं तर कठीण आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलेलं. अण्णा, कुमुद आणि तेव्हा त्यांच्याकडेच राहणारा मी, असे आम्ही पोरीला इथल्या दवाखान्यात घेऊन गेलो. नर्सनं काटा पाहून सांगितलं, "सव्वातीन."

अण्णा मटकन बाकावर बसले. मिरजेत पाच भरली होती. "गेली रे पोर," ते मला म्हणाले. मीही ते खरं धरलं, कारण वजनाच्या बाबतीत अण्णा चुकतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"अण्णा, अहो, ते रत्तल होते!" कुमुद ओरडलीच. "हा काटा किलोचा आहे!"

एका किलोला दोनाहून थोडे जास्त रत्तल, असा अण्णांनी बोटांवर हिशेब केला, मग पुन्हा केला. पोर चांगली सात रत्तलांच्या वर गेली होती. कुमुद रडता रडता हसायला लागली, नर्स हसली, मीही हसलो. अख्ख्या बाजाराला शहाणं करणारा माणूस पहिल्याच आकड्याला फसला होता!

अण्णा मात्र हसले नाहीत. नातीला छातीशी धरून घराकडे चालत राहिले. वाटेत म्हणाले, "मला सांगायला कुमुद होती रे. ज्याला कुणी सांगणारं नाही, तो पोर हातची गेली असं समजूनच घरी जाईल की."

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. न पाहिलेल्या माणसांची इतकी काळजी करणारं आमच्या घरात पुन्हा कुणी झालं नाही.